जुन्या टीव्ही गेमला घरीच एव्ही आउटपुट बोर्ड बनवायचा, चिपच्या पिनपासून टीव्हीच्या सॉकेटपर्यंत

नव्वदीत शाळेला असलेल्या माणसाच्या घरी, मग ते सांगलीत असू दे नाहीतर मिरज, तासगाव, विट्याला, माळ्यावरच्या पेटीत एक टीव्ही गेम बहुतेक सापडतोच. मीडिया म्हणा, लिटल मास्टर म्हणा, नाहीतर नाव पुसलेला कुठलातरी डबा, सोबत चारदोन कॅसेट आणि मागून लोंबणारी अँटेनाची वायर. लोकं तो काढतात, घरातल्या एलईडी टीव्हीला लावायला बघतात, चॅनेल सर्च करतात, मुंग्या दिसतात, आवाजात घुंघुं येतं आणि मशीन गेलं म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकतात. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं, कारण मशीन बऱ्याचदा धडधाकट असतंय, आतली चिप आजसुद्धा स्वच्छ चित्र काढतीय, ते चित्र नासतंय आरएफच्या डबीत.

होतंय काय बघा. चिप पूर्ण कंपोझिट व्हिडिओ तयार करते, म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला जे लागतं तेच. मग मशीनमधली पत्र्याची डबी तो व्हिडिओ आणि आवाज एकत्र करून टीव्ही चॅनेलच्या फ्रिक्वेन्सीवर चढवते आणि टीव्हीचा ट्यूनर तो परत उतरवतो. चढवताना आणि उतरवताना दोन्हीकडं चित्राची धार जाते, रंग पसरतात, वरून तीस वर्षांची डबी, तिची फ्रिक्वेन्सी पण सरकलेली. म्हणून आपण चित्र डबीच्या आधीच पकडायचं, त्याला थोडी ताकद द्यायची आणि सरळ आरसीए म्हणजे त्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल सॉकेटला नेऊन टाकायचं. सगळा बोर्ड दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटरचा आहे, कुठलीही महाग आयसी लागत नाही.

आधी मशीन ओळखा

मशीन उघडण्याआधी कॅसेट आणि ॲडॅप्टर काढा. खालचे स्क्रू काढले की मेन बोर्ड दिसेल. बोर्डवर 40 पायांच्या दोन लांब काळ्या आयसी दिसल्या तर तुम्ही नशीबवान आहात, एक सीपीयू आणि एक पीपीयू, चित्र काढणारी ती पीपीयू. 1983 साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या मूळ फॅमिकॉममध्ये, म्हणजे आपल्याकडचे डबे ज्याची नक्कल आहेत त्यात, ह्या रिकोच्या 2ए03 आणि 2सी02 असतात, आपल्याकडच्या पाल नकलांमध्ये यूएमसीच्या यूए6527पी आणि यूए6538 अशी नावं दिसतात. पायांची मांडणी सारखीच असल्यामुळं पुढचं सगळं दोघांना लागू पडतं. आयसीच्या जागी नुसता काळ्या डांबरासारखा गोळा असेल तर सगळं एकाच चिपमध्ये आहे, त्याचं वेगळं खाली सांगतो.

दुसरं बघायचं ते क्रिस्टल, चकाकणारी पत्र्याची छोटी डबी. तिच्यावर 26.601712 लिहिलं असेल तर मशीन पाल, म्हणजे आपल्याकडची टीव्हीची रंगपद्धत, 21.47727 असेल तर एनटीएससी, म्हणजे जपान-अमेरिकेची. हे आत्ताच कागदावर लिहून ठेवा, कारण शेवटी चित्र काळंपांढरं आलं तर याच आकड्यावरून कळणार की बोर्ड चुकलाय का टीव्हीचं सेटिंग. या आकड्याला 6 नं भागलं की रंगाची फ्रिक्वेन्सी मिळते, पालची 4.43 मेगाहर्ट्झ आणि एनटीएससीची 3.58, म्हणजे रंग थेट या क्रिस्टलमधूनच येतो. पाल मशीनवर गेम जरा संथ वाटतो तो 60 ऐवजी 50 हर्ट्झमुळं, तो काही आपल्या बोर्डनं बदलणार नाही. आपल्याकडच्या नकलांची एक गोष्ट मला फार आवडते, त्यांचा सीपीयू क्रिस्टलला 15 नं भागून 1.77 मेगाहर्ट्झवर चालतो, जो जपानी मशीनच्या 1.79 च्या अगदी जवळ आहे, त्यामुळं गाण्याची पट्टी जवळपास तीच राहते, अधिकृत पाल मशीनमध्ये 16 नं भागल्यामुळं ती उतरते.

पुराचं पाणी लागलेलं मशीन असेल तर

हे सांगलीकरांसाठी मुद्दाम लिहितोय. 2019 च्या ऑगस्टमध्ये कितीतरी घरांत खालच्या मजल्यावरचं सगळं पाण्यात गेलं आणि त्यातली मशीनं नंतर नुसती वाळवून ठेवलेली आहेत. अशा मशीनला सरळ करंट देऊ नका. गाळ वाळला तरी दमट हवेत तो ओल धरतो आणि पायापायांमध्ये वाट तयार करतो. बोर्ड पूर्ण बाहेर काढा, मऊ टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजूनं घासा, कॅसेटचा स्लॉट आणि आयसीच्या पोटाखालची जागा विसरू नका, मग एक दिवस पंख्याखाली ठेवा. हिरवा गंज आलेले ट्रॅक मल्टिमीटरच्या बीपवर तपासा, तुटलेला असेल तिथं बारीक वायरचा जंपर मारा. आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सगळे बदलाच, ते काय महाग नसतात. कॅसेटच्या पायांना फुंकर मारायची सवय सगळ्यांनाच आहे, पण थुंकीच्या ओलीनं ते पाय काळे पडतात, खोडरबर नाहीतर अल्कोहोलचा बोळा वापरा.

सामान

रेडिओ-टीव्हीच्या पार्टचं कुठलंही जुनं दुकान असू दे, हे सगळं मिळतंय, नाही मिळालं तर टीव्ही रिपेअर करणाऱ्या काकांच्या डब्यात नक्की असतंय. ट्रान्झिस्टर एक बीसी557, एक बीसी547, दोन्ही एकेक जास्तीचेच घ्या. रेझिस्टर पाव वॅटचे: 300 ओहम (नाही मिळाला तर 270, पण 330 किंवा त्याच्या वरचा नको), 110 ओहम (100 पण चालतो), 100 के चे तीन, 2.2 के एक, 1 के एक. कपॅसिटर म्हणाल तर 220 मायक्रोफॅरड 16 व्होल्टचा एक, मोठा 470 चा मिळाला तर तोच घ्या, 10 मायक्रोफॅरडचे दोन, 474 छापलेला एक बॉक्स टाइप आणि 104 छापलेले दोन डिस्क. झिरो पीसीबीचा, म्हणजे भोकाभोकांच्या कोऱ्या बोर्डचा, काडेपेटीएवढा तुकडा, पिवळा, पांढरा आणि लाल आरसीए सॉकेट, थोडी शील्डेड वायर. हत्यारं म्हणजे 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न, चांगली 60/40 सोल्डर वायर, फ्लक्स, डिसोल्डर पंप, मल्टिमीटर, धारदार कटर.

आयर्नला तीन पिनचा प्लग आणि घरात खरी अर्थिंग असेल तर उत्तमच. नसेल तर पीपीयूच्या पायाला टेकवताना तेवढ्यापुरता आयर्नचा प्लग भिंतीवरच्या स्विचबोर्डातून काढा, गरम टोक दहावीस सेकंद पुरतंच. या चिप नवीन बनत नाहीत, जुन्या मशीनमधूनच काढून मिळतात, म्हणून एवढी काळजी.

व्हिडिओची बाजू

पीपीयूचा 21 नंबरचा पाय म्हणजे व्हिडिओ आउट, 20 म्हणजे ग्राउंड, 40 म्हणजे 5 व्होल्ट. आयसीवरची खाच डावीकडं धरली की खालच्या रांगेत डावीकडून 1 ते 20 आणि वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडं 21 ते 40. बोर्ड उलटा केला की हे सगळं आरशासारखं फिरतंय, म्हणून वरून बीप लावून खालचा पाय शोधा आणि मार्करनं खूण करा, अंदाजानं हात लावू नका.

21 च्या पायावर सिग्नल आहे पण त्याच्यात जोर नाही. टीव्हीच्या एव्ही सॉकेटच्या आत 75 ओहमचा लोड बसलेला असतो, तो सरळ या पायावर टाकला तर चित्र मलूल होतंय नाहीतर सिंक (चित्र जागेवर धरून ठेवणारा इशारा) सुटून गुंडाळायला लागतंय. विहिरीला पाणी भरपूर असून मोटर बारकी असली की उसाच्या शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही, तसला प्रकार आहे. म्हणून मध्ये बीसी557 एमिटर फॉलोअर म्हणून लावायचा. तो व्होल्टेज वाढवत नाही, करंट देण्याची ताकद वाढवतो.

जोडणी अशी. बीसी557 ची सपाट बाजू तुमच्याकडं आणि पाय खाली धरा, डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर ग्राउंडला. बेस सरळ पीपीयूच्या 21 ला. एमिटरवरून 300 ओहम 5 व्होल्टला जातो आणि त्याच एमिटरवरून 110 ओहम निघतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला 220 मायक्रोफॅरडची अधिक बाजू, आणि कपॅसिटरची उणे बाजू पिवळ्या सॉकेटच्या मधल्या पिनला. सॉकेटचं बाहेरचं कडं ग्राउंडला. झालं, एवढाच व्हिडिओ. दुकानदारानं बीसी557 च्या ऐवजी 2एसए1015 दिला तर तोही उत्तम चालतो, फक्त त्याचे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असे असतात, तेवढं लक्षात ठेवा.

कुठला रेझिस्टर का ते पण समजून घ्या म्हणजे नंतर स्वतः ॲडजस्ट करता येतंय. 110 ओहम आणि टीव्हीतला 75 ओहम मिळून सिग्नल वाटून घेतात, टीव्हीला सिंकपासून पांढऱ्यापर्यंत 1 व्होल्टच्या आसपास हवा असतो आणि पायावरचा त्यापेक्षा मोठा असतो. चित्र फार भगभगीत आलं तर 110 च्या जागी 150 लावा, अंधारं आलं तर 75 लावून बघा. 300 ओहमचं काम पांढरा भाग ओढून वर न्यायचं, तो मोठा झाला की पांढरा दबून राखाडी होतो, म्हणून वर म्हटलं 330 नको. आणि 220 मायक्रोफॅरड छोटा पडला तर पडद्यावर वरून खाली उजेड बदलत गेल्यासारखा दिसतो, आकाश निळं असलेल्या गेममध्ये हे लगेच कळतं, तेव्हा 470 किंवा 1000 लावा.

आता जुन्या वाटेचं. 21 च्या पायापासून एक ट्रॅक आरएफ डबीकडं जातो, तो तसाच ठेवला तर डबी पण सिग्नल खात राहते आणि लांब ट्रॅक सगळीकडची घाण गोळा करतो. आयसी सॉकेटमध्ये बसवलेली असेल तर सोपं आहे, आयसी अलगद काढा, 21 चा पाय हळूच बाहेर वाकवा, परत बसवा आणि वायर त्या मोकळ्या पायाला. आयसी सोल्डर केलेली असेल तर पाय उचलायच्या भानगडीत पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, जुने पाय मुळात मोडतात आणि मग आयसी गेलीच, त्यापेक्षा खालच्या बाजूला पायाला लागून ट्रॅक कटरनं कापा आणि बीप जातो का ते बघा.

बोर्ड बसवायचा कुठं

बरेच लोक सर्किट बरोबर करतात आणि जागा चुकीची निवडतात, मग पडद्यावर उभ्या फिकट पट्ट्या दिसतात. पीपीयूच्या बाजूनं सतत डेटा आणि ॲड्रेसचे सिग्नल धावत असतात आणि 21 ची वायर लांब असली की ते तिच्यात झिरपतात. बेसच्या आधीचा सिग्नल नाजूक, एमिटरच्या पुढचा दमदार. म्हणून छोटा बोर्ड पीपीयूला चिकटून ठेवा, 21 पासून बेसपर्यंतची वायर दोन-तीन सेंटीमीटरच्या आत, आणि तिथून पुढं सॉकेटपर्यंतची वायर लांब असली तरी चालते, फक्त शील्डेड वापरा. बोर्डच्या खाली इन्सुलेशन टेप किंवा फोमचा तुकडा लावा.

5 व्होल्ट आणि ग्राउंड पीपीयूच्याच 40 आणि 20 वरून घ्या, लांबून रेग्युलेटरपासून नको. एक 104 डिस्क सरळ पीपीयूच्या 40 आणि 20 मध्ये, दुसरी तुमच्या बोर्डवर 5 व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये. ह्या दोन डिस्कनं पट्ट्या बऱ्याच कमी होतात. पूर्ण जातीलच असं नाही, काही नकलांचा मेन बोर्डच तसा आखलेला आहे.

आरएफ डबी काढून टाकायची का? मूळ फॅमिकॉममध्ये 5 व्होल्ट तयार करणारा 7805 रेग्युलेटर आणि पॉवरचं सॉकेट आरएफच्याच बोर्डवर असतंय, त्यामुळं तो बोर्ड उचकटला तर मशीनच बंद. डबी जागेवर राहू दे. नकलेत डबीला 5 व्होल्टची वेगळी वायर दिसली तर तेवढी काढून टेप मारा, तिचा गोंगाट थांबतो.

आवाज

60 पायांच्या कॅसेटच्या मशीनमध्ये आवाजाचा रस्ता मजेशीर आहे. सीपीयूमधून निघालेला आवाज कॅसेटच्या 45 नंबरच्या पायावर जातो, कॅसेटच्या आत 45 आणि 46 जोडलेले असतात आणि 46 वरून तो परत मशीनमध्ये येतो. हे अशासाठी की काही जपानी कॅसेटमध्ये स्वतःची साउंड चिप असायची, ती मधल्या मध्ये आपला आवाज मिसळायची. म्हणून आवाज नेहमी 46 वरूनच घ्या, सीपीयूच्या पायावरून नको, नाहीतर त्या कॅसेटची अर्धी गंमत जाईल. स्लॉटवर 46 सापडत नसेल तर आरएफ डबीला आवाजाची जी पिन जाते तिथून घेतला तरी चालतो.

आवाजासाठी बीसी547, पाय वरच्यासारखेच, कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर 5 व्होल्टला. बेसवरून एक 100 के 5 व्होल्टला आणि दुसरा 100 के ग्राउंडला, म्हणजे बेस मध्यावर राहतो. 46 कडून आलेली वायर 474 मधून बेसला. एमिटरवरून 2.2 के ग्राउंडला, एमिटरवरूनच 10 मायक्रोफॅरडची अधिक बाजू, उणे बाजूवरून 1 के, आणि 1 के चं दुसरं टोक पांढऱ्या आणि लाल दोन्ही सॉकेटला एकत्र, कारण आवाज मुळात मोनो आहे. तिसरा 100 के सॉकेटच्या मधल्या पिनपासून ग्राउंडला लावा, त्यानं चालू करताना ठप्प असा आवाज येत नाही. उरलेला 10 मायक्रोफॅरड बोर्डच्या 5 व्होल्ट आणि ग्राउंडवर, डिस्कच्या शेजारी.

सीपीयूचा 1 आणि 2 नंबरचा पाय वेगळा घेऊन स्टिरिओ करायची एक पद्धत आहे, पण दोन स्क्वेअर वेव्ह एका कानात आणि बाकी सगळं दुसऱ्या कानात येतं, हेडफोनवर डोकं दुखतंय, मी सुचवणार नाही.

आवाजाची वायर व्हिडिओच्या वायरला बांधू नका. पडद्यावर पांढरं जास्त आलं की घुंघुं वाढत असेल तर समजायचं व्हिडिओ आवाजात घुसतोय, दोन्ही वायर एकमेकींपासून दूर न्या आणि दोघांचं ग्राउंड बोर्डच्या एकाच ठिकाणी आणा.

काळ्या गोळ्याचं मशीन असेल तर

इथं पायांचे नंबर नाहीत, मग उलटं चालायचं. आरएफ डबीला साधारण तीन वायर येतात, 5 व्होल्ट, व्हिडिओ आणि आवाज. मशीन चालू करून मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडला लावा, जिथं पक्के 5 व्होल्ट येतात ती पॉवर. उरलेल्या दोनपैकी कुठली व्हिडिओ हे बघायला 10 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची अधिक बाजू त्या वायरला आणि उणे बाजू टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला, पडद्यावर थरथरतं का होईना चित्र आलं की सापडली. तिथून उलटं गोळ्याकडं ट्रॅक धरून जा, वाटेत एखादा ट्रान्झिस्टर असेल तर त्याच्या आधी, गोळ्याच्या जवळात जवळ सिग्नल पकडा आणि वरचाच बोर्ड लावा.

करंट द्यायच्या आधी

मल्टिमीटर बीपवर ठेवून 5 व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना लागलेत का बघा, बीप वाजला तर पुढं जायचं नाही, झिरो पीसीबीवर दोन ठिपके सोल्डरनं चिकटलेले असणार. मग ॲडॅप्टर. मूळ फॅमिकॉमचा ॲडॅप्टर 10 व्होल्ट 850 मिलिॲम्पिअरचा आणि त्याचा आतला भाग उणे असतो, बाजारात मिळणारे बहुतेक ॲडॅप्टर आतून अधिक, आणि नकलांमध्ये तर दोन्ही प्रकार आहेत. सॉकेटच्या कुठल्या बाजूचा ट्रॅक ग्राउंडला जातोय ते बीपवर बघून ठरवा आणि मशीनच्या खाली कायमच्या मार्करनं लिहून टाका, घरातला दुसरा कोणी पुढं मागं लावायला गेला तर मशीन वाचेल.

चालू केल्यावर आधी टीव्ही नाही, मल्टिमीटर. 7805 च्या आउटपुटला 4.8 ते 5.2 च्या मध्ये. बीसी557 चा एमिटर त्याच्या बेसपेक्षा साधारण 0.6-0.7 व्होल्ट वर. बीसी547 चा एमिटर दीड ते दोन व्होल्टच्या आसपास. हे जुळलं की सॉकेटमध्ये एव्ही वायर घाला.

टीव्हीकडचं

चित्र आलं पण काळंपांढरं? सुरुवातीला लिहिलेला क्रिस्टलचा आकडा काढा आणि टीव्हीच्या मेन्यूत कलर सिस्टीम त्याप्रमाणं पाल किंवा एनटीएससी करा, ऑटो कधी कधी चुकतो. तरी रंग येत नसेल तर क्रिस्टलच्या शेजारी छोटा गोल ट्रिमर असला तर तो प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं किंचित फिरवा, रंग पकडेल. अक्षरांच्या कडेला बारीक ठिपके सरकताना दिसतील, ते कंपोझिटमध्ये असतातच, बोर्डचा दोष धरू नका.

नवीन एलईडी टीव्हीला तीन आरसीएच्या जागी एकच 3.5 मिमीचं एव्ही होल असतंय, त्यातल्या कड्यांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळं आवाजात गुरगुर आणि पडद्यावर काहीच नाही असं झालं तर पिवळी वायर पांढऱ्यात, लालमध्ये घालून बघा. आणि हे मशीन 240 ओळी सरळ एकापाठोपाठ पाठवतं, काही एलईडी टीव्ही आणि स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डब्या त्याला इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींचं चित्र, समजून पुसट करतात. खरं चित्र बघायचं असेल तर पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोधा, लोक आजकाल जागा अडते म्हणून फुकट द्यायला पण तयार असतात.

सॉकेटसाठी भोक पाडताना मशीन नकल असेल तर मागच्या बाजूला हळू स्पीडनं ड्रिल मारा, जोरात मारला की जुनं प्लॅस्टिक तडकतंय. मूळ जपानी फॅमिकॉम असेल तर कृपा करून भोक पाडू नका, आरएफच्या रिकाम्या भोकातून 3.5 मिमीचा जॅक बसवा नाहीतर वायरच बाहेर काढा. झाकण बंद करायच्या आधी अर्धा तास एखादा गेम चालू ठेवून 7805 ची पट्टी हाताला किती तापते ते बघा, बोट ठेववत नसेल तर ॲडॅप्टर 12 व्होल्टचा लागलाय का तपासा आणि 9 चा लावा, मगच स्क्रू आवळा.